पाइपांचा आवाज

१८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सप्रेम सलाम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, ओरडून ओरडून माझा घसा बसतो आणि शेजारचे भिंतीला कान लावतात ते वेगळंच. म्हणून पत्र. दादा म्हणतो, पत्र आलं की तू भिंग घेऊन खिडकीत बसतेस आणि तुझी दुपार बरी जाते. घे, दुपारची सोय केली.

बातमी अशी की नाताळच्या मदतवाटपाची मुलं यंदा माझ्या गळ्यात पडली आहेत. रविवारी उपासना संपल्यावर पाळकीणबाईंनी मला दारातच गाठलं. म्हणाल्या, "तुमच्या आत्याबाईंनी एकोणीस वर्षं केलं. तुमच्या रक्तातच असेल." रक्तात काय आहे ते मला विचार! चष्म्याच्या दुकानात दिवसभर "हे अक्षर दिसतं का, ते दिसतं का" विचारणारी बाई मी. माणसं निमूट खुर्चीत बसलेली असतात, तेवढीच मला सांभाळता येतात.

सोळा मुलं आहेत, बारा ते सतरा वयाची. चार शनिवार. ब्लँकेटांच्या घड्या घालायच्या, खोकी भरायची आणि नाताळच्या आधीच्या शनिवारी एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांच्या दारात नेऊन द्यायची. तू गाव सोडून दादाकडे गेल्याला आठ वर्षं झाली. तेवढ्यात पाच जणांनी हे काम घेतलं आणि पाचही जणांनी सोडलं. तू एकोणीस वर्षं कसं केलंस, ते सांग. हातचं राखून ठेवू नकोस.

तुझी लाडकी भाची


२३ नोव्हेंबर

चि. बयो,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वसतिगृहाची मेट्रन म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे मुलांची भीती मला कधी वाटली नाही. तुलाही वाटायचं कारण नाही. मुलांना भीतीचा वास येतो, एवढं लक्षात ठेव.

कात्र्या सुतळीने टेबलाच्या पायाला बांध, नाही तर त्यांना पाय फुटतात. जिवलग मैत्रिणींना एका टेबलावर बसवू नकोस. तोंडं चालतात आणि हात थांबतात. भांडलेल्यांना शेजारी बसव, ती ईर्ष्येने काम करतात. चार वाजता खायला दे. भुकेलं मूल खोकं भरत नाही, खोक्यातलं पोटात भरतं. जे मूल "मी करतो, मी करतो" म्हणतं त्याच्यावर लक्ष ठेव आणि जे काहीच बोलत नाही त्याच्यावर जास्त ठेव.

हजेरी येताना घे आणि जातानाही घे. जाताना नावाने घे. डोकी मोजू नकोस, डोकी मोजताना माणूस चुकतं. प्रत्येकाने तोंडाने "आहे" म्हटल्याशिवाय दिवा मालवायचा नाही.

सामान वर गायनवृंदाच्या खोलीत ठेव. खालच्या खोलीत काही ठेवू नकोस. तिथे ओल आहे, ब्लँकेटांना वास लागतो.

थंडी आहे, गळ्याला काही तरी गुंडाळत जा.

तुझी आत्या


३० नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सप्रेम सलाम.

पहिला शनिवार पार पडला आणि मी जिवंत आहे. कात्र्या बांधल्या. भांडलेल्यांना शेजारी बसवलं, त्यांनी चढाओढीने चाळीस ब्लँकेटांच्या घड्या घातल्या आणि शेवटी समेट केला. मग काम थांबलं. यावर उपाय तू लिहिला नाहीस.

एक मात्र तुझं ऐकलं नाही. गायनवृंदाच्या खोलीत पेटी, पुस्तकं, झगे... पाय ठेवायला जागा नाही. म्हणून सामान खालच्या खोलीतच ठेवलं. आणि आत्या, तिथे ओल कसली? खोली कोरडी ठणठणीत आहे. फळ्या मजबूत, दार जाडजूड, उंदरालाही वाट नाही. तुझ्या वेळी असेल ओल, मधे दुरुस्त केली असेल.

एकदा मात्र धमाल झाली. संध्याकाळी आवरताना खालून ठकठक ऐकू आली. मुलं एकमेकांना बिलगली. दोघी तर किंचाळल्याच. घंटेवाले काका म्हणाले, बॉयलर बंद केला की पाइप थंड होतात आणि वाजतात, त्यांच्या लहानपणापासून वाजतायत. मी टाळी वाजवून म्हटलं, "पाइप आहेत रे! चला, आवरा." लगेच गप्प. मलाच माझं कौतुक वाटलं. तुझाच आवाज निघाला म्हण ना.

आणि एक वल्ली सांगायची राहिली. तेरा वर्षांच्या भावाला सोडायला म्हणून एक उंच मुलगी आली, बावीस-तेवीसची असेल, आणि गेलीच नाही. छापखान्यात मुद्रितं तपासते म्हणे. बोलत फारसं नाही. आल्या आल्या तिने हॉलच्या दाराला खुर्ची लावली. मग जिन्याच्या दाराला. खालच्या खोलीच्या दाराला तर सरळ बाकच ओढून आणलं. गारठा आत येतो म्हणून मी एक दार लोटलं, तर दोन मिनिटांत पुन्हा सताड उघडं. मुलांनी तिचं नाव हवालदारीण ठेवलंय. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसते आणि कोण खाली गेलं, कोण वर आलं ते बघत राहते. मला बरंच आहे, फुकटची पहारेकरी मिळाली.

तुझी लाडकी भाची


४ डिसेंबर

चि. बयो,

ब्लँकेटं वर हलव. जागा नसेल तर झगे घरी ने, पेटी व्हरांड्यात ठेव. पण हलव.

ठोके कसे होते ते नीट लिही. सलग, की थांबून थांबून? थांबून असतील तर किती झाल्यावर थांबत होते?

त्या मुलीच्या उजव्या हाताकडे बघितलंस का?

आत्या


८ डिसेंबर

प्रिय आत्या,
सलाम.

तुझं पत्र वाचून वाटलं की मी तुझी भाची नसून वसतिगृहात उशिरा परतलेली कोणी तरी आहे. ना आशीर्वाद, ना खुशाली. असो. ठोके मी मोजले नाहीत. पाइप मोजतं का कोणी? ब्लँकेटं मात्र हलवणार नाही. दोनशेदहा आहेत आणि माझी पाठ एकच आहे.

परवाचा शनिवार जरा विचित्र गेला. मुलं खाली-वर पळत होती, ऐकत नव्हती. मग घंटेवाल्या काकांनी मला बाजूला घेऊन तुझ्या वेळचा तो किस्सा सांगितला. मला माहीतच नव्हता. मी तेव्हा सासरी होते ना. एक आगाऊ मुलगी सगळे घरी निघाल्यावर बिस्किटं चोरायला गुपचूप परत आली, खालच्या खोलीत शिरली, बाहेरून कडी पडली आणि ती रात्रभर अडकली. सकाळी काकांनी दार उघडलं तर ब्लँकेटांच्या ढिगात. आणि तू किती मोठ्या मनाने तिला माफ केलंस, तेही काकांनी सांगितलं. म्हटलं, मुलांना धाक बसवायला याहून चांगली गोष्ट कुठे मिळणार? सगळ्यांना गोल बसवलं आणि रंगवून सांगितली. बिस्किटांपाशी आल्यावर मुलं खो खो हसली.

हवालदारीण पायरीवर होती. ती उठली, भावाचा दंड धरला, त्याला दारापर्यंत नेलं आणि तिथे थांबली. मग त्याला परत आणून जागेवर बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. त्या पोराने मला विचारलं, "मॅडम, त्या मुलीचं नाव काय होतं?" मी म्हटलं, मला नाही माहीत. खरंच माहीत नव्हतं.

जाताना मी खालची खोली बंद करायला गेले तर ती आधीच तिथे. प्रत्येक फळीच्या मागे वाकून बघितलं, कोपऱ्यात बघितलं, मग बाहेर आली आणि मला म्हणाली, "आता लावा." आवाज घोगरा आहे तिचा, सर्दी झाल्यासारखा. हाताबद्दल तू विचारलं होतंस म्हणून बघितलं. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं वाकडी बसलेली आहेत. तुला कसं कळलं?

जिना चढताना तिने विचारलं, "तुम्ही जुन्या बाईंच्या कोण?" मी म्हटलं, भाची. मग म्हणाली, "त्यांना आता ऐकू येतं का?" मी म्हटलं, नाही हो, बिचारीचे कान पार गेले, ढोल वाजवला तरी कळत नाही. तिने नुसतं "हं" केलं. तुझ्याबद्दल इतक्या आपुलकीने विचारणारं या गावात अजून कोणी आहे, याचं मला बरं वाटलं.

तुझी भाची


१५ डिसेंबर

प्रिय आत्या,

आठवडा झाला, तुझं पत्र नाही. दादाला फोन केला तर म्हणाला, तू जेवत नाहीस आणि भिंग हातात घेऊन नुसती बसून असतेस. माझं काही चुकलं का? ब्लँकेटं हलवली नाहीत म्हणून रागावलीस? शनिवारी वाटप आहे, एवढा आठवडा जाऊ दे, मग मीच येते तुला भेटायला.

तुझी भाची


१६ डिसेंबर

चि. बयो,

हे पत्र लिहायला मला आठ वर्षं आणि आठ दिवस लागले. तू बसून वाच. एकटी असताना वाच.

तुझी हवालदारीण म्हणजे टिटवी. तेव्हा चौदाची होती आणि तिची जीभ क्षणभर गप्प नसायची, म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. सगळ्यांत आधी यायची, सगळ्यांत शेवटी जायची. ती बिस्किटांसाठी परत आली नव्हती. ती गेलीच नव्हती. मीच तिला खाली पाठवलं होतं. "मागच्या फळीवरची दोन खोकी आण गं," म्हणाले, आणि विसरले.

आवरायची वेळ झाली. मी खाली गेले. दिव्याचं बटण खोलीच्या बाहेर आहे, तुला माहीतच आहे. दिवा जळत होता. "कार्टी दिवे मालवत नाहीत," असं पुटपुटत मी तो मालवला, दार ओढलं आणि कडी घातली. ती मागे फळ्यांच्या आड होती. तिला वाटलं, मैत्रिणी गंमत करतायत, म्हणून तीही हसू दाबून गप्प राहिली. हे तिने नंतर सांगितलं.

वर येऊन मी डोकी मोजली. सतरा पाहिजेत, सतरा भरली. कोणाचं तरी धाकटं भावंड न्यायला आलं असेल, तेही मी मोजलं असेन. मुलं कोट चढवत होती, तेवढ्यात खालून ठोके आले. एक लहान मुलगा म्हणाला, "बाई, खाली कोणी तरी आहे." मी म्हटलं, "पाइप आहेत. चला, आवरा."

आता खरं ते लिहिते. पाइप आपल्या तालात वाजतात, त्यांना कोणाची पर्वा नसते. हे तीन ठोके होते आणि मग थांबणं. कोणी ऐकतंय का याची वाट बघणारं ते थांबणं होतं. मग पुन्हा तीन. माझा पाय उंबऱ्यावर होता. मला कळलं, बयो. पुरतं कळलं असं म्हणणार नाही, पण परत फिरून बघायला पुरेल इतकं कळलं होतं. जिन्याला बावीस पायऱ्या. सकाळपासून उभी होते, पायांचे तुकडे पडले होते. मी मनाशी म्हटलं, पाइपच आहेत. तेच मोठ्याने मुलांना पुन्हा सांगितलं आणि दाराला कुलूप लावलं.

तिची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला होती. मुलगी घरी नाही हे तिला सकाळी कळलं, तोवर घंटेवाल्याने खोली उघडली होती. म्हाताऱ्यांसाठी घड्या घातलेली ब्लँकेटं अंगावर ओढून ती वाचली. पण ओरडून ओरडून तिचा आवाज गेला होता. दार ठोकून बोटं मोडली होती.

सोमवारी त्या वेळच्या पाळकांनी आम्हाला बोलावलं. टिटवीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "मी मोजून सगळ्यांना घरी पाठवलं. मी कडी घालायच्या आधी ही परत आली असणार." ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "बिस्किटं होती आत." बिस्किटं मी जोडली. खोटं एकटं उभं राहत नाही, त्याला टेकू लागतो. ती माझ्याकडे बघत मान हलवत होती. नाही, नाही, नाही. सगळ्यांना वाटलं, थंडीने कापते आहे.

बारा दिवसांनी आवाज आला. तिने आईला सांगितलं की बाईंनीच पाठवलं होतं आणि मी दार वाजवलं तेव्हा बाई "पाइप आहेत" म्हणाल्या ते मी ऐकलं. आई तिला घेऊन माझ्या घरी आली. मी म्हटलं, "मुलं घाबरली की काहीबाही ऐकतात." आईने माझ्या देखत तिच्या थोबाडीत मारली. म्हाताऱ्या माणसावर आळ घेतेस? माफी माग. तिने मागितली. त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "चुकलं माझं, बाई." आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बयो, मी हात फिरवला.

महिन्याभरात मी गाव सोडलं. तुम्हाला सांगितलं, गुडघे. दादाचं घर नवव्या मजल्यावर आहे, या इमारतीत तसले पाइप नाहीत. माझे कान गेले, डॉक्टर म्हणतात डाव्यात काही उरलं नाही. तरी रोज चार-साडेचारला, उजेड कमी व्हायला लागला की मला ऐकू येतं. तीन, आणि थांबणं. सून दार उघडून दाखवते, कोणी नाही आई. मला माहीत आहे कोणी नाही.

तिने तुला माझ्या कानांचं विचारलं ती आपुलकी नव्हती. तू मुलांना जी गोष्ट सांगितलीस, ती खोटी आहे असं मुलांना सांग. तिच्यासमोर सांग. हे पत्र तिला द्यायचं तर दे.

आत्या


२१ डिसेंबर

आत्या,

तुझं पत्र शुक्रवारी दुकानात मिळालं. एका आजोबांच्या डोळ्यांना तपासणीची चौकट लावलेली होती. त्यांना तसंच बसवून मी आतल्या खोलीत वाचलं. बाहेर आले तेव्हा ते बिचारे विचारत होते, "आता कोणतं अक्षर वाचू?"

मी तुझ्यावर किती चिडले आहे ते लिहीत नाही. लिहायला बसले की माझंच तोंड आठवतं. बिस्किटांची गोष्ट मी रंगवून सांगत होते, आणि ती पायरीवर बसून ऐकत होती. आणि त्या पहिल्या शनिवारी "पाइप आहेत रे, चला, आवरा" म्हणाले, तेही तिने ऐकलं. तुझेच शब्द आणि, मीच लिहिलं होतं, तुझाच आवाज.

काल वाटपाच्या आधी, मुलं यायच्या अगोदर, तिला बाजूला घेतलं. पत्रच हातात दिलं. ती जिन्यात उभी राहून वाचत होती, प्रत्येक ओळीखाली बोट धरून, छापखान्यातलं मुद्रित वाचतात तसं. एका जागी बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा तीच ओळ. मला वाटलं रडेल. रडली नाही. पत्राची घडी घातली आणि म्हणाली,

"म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं."

मी म्हटलं, "हो."

"मला वाटायला लागलं होतं की मीच चुकीचं ऐकलं. सगळे इतकं सांगायचे... मग मला ती बिस्किटंसुद्धा आठवायला लागली होती. डब्याचा रंगसुद्धा." मग म्हणाली, "निळा होता. डबा नव्हताच ना?"

मी म्हटलं, "नव्हता."

ती तिथेच पायरीवर खाली बसली.

मुलं आली तेव्हा मी सगळ्यांना गोल बसवून सांगितलं की मागे सांगितलेली गोष्ट खोटी होती. ती मुलगी चोर नव्हती, तिला कामाला पाठवलं होतं आणि मोठ्या माणसांनी तिचा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कोण मोठी माणसं, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, माझी आत्या. तेवढ्यात तिचा भाऊ उठला आणि तिच्या शेजारी पायरीवर जाऊन बसला. त्याला काय कळलं आणि किती, कोणास ठाऊक. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आता खोकी न्यायची ना?" आम्ही खोकी नेली. सगळी ब्लँकेटं वाटून झाली. निघताना हजेरी नावाने घेतली. तिचं नाव यादीत नव्हतं, तरी सर्वांत शेवटी तिनेही "आहे" म्हटलं.

तिचा निरोप आहे. माफीचं पत्र तिला नको. ती म्हणाली, "हे सगळं त्यांनी येऊन माझ्या आईसमोर सांगावं. पत्र आई वाचणार नाही. आणि आईने मारलं होतं ते त्यांच्यासमोरच, तेव्हा त्यांनी तिथे असायला हवं."

येशील तर दोन तारखेला ये. तिची त्या दिवशी सुट्टी असते. मी तुला थांब्यावरून घेऊन तिच्या दारापर्यंत सोडेन. आत मी येणार नाही.

तुझी भाची


४ जानेवारी

चि. बयो,
आशीर्वाद.

तू मला दारात सोडून गेलीस आणि मग मी तुला न भेटताच परत निघाले. तुझ्या घरी येऊन चहा पिण्याचं तोंड नव्हतं. काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

घर दोन खोल्यांचं. सगळी दारं उघडी. त्या आईचे केस माझ्यापेक्षा पांढरे झालेत आणि ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. मला बघून लगबगीने उठली, पदर सावरला, खुर्ची पुसली. "बाई, तुम्ही? या, या," असं म्हणाली असावी. मला ओठ दिसत होते. मी खुर्चीत बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. खोकी, दिवा, कडी, ठोके, बिस्किटं. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, त्यामुळे कदाचित ओरडून बोलले असेन. जिन्यातून कोणी तरी डोकावून गेलं.

आई काही तरी म्हणाली. मला कळेना. पुन्हा म्हणाली. मी कानामागे हात धरला. मग टिटवी उठली, माझ्या उजव्या कानापाशी तोंड आणलं आणि आईचं वाक्य मला सांगितलं: "आई विचारते, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का?"

मी म्हटलं, हो.

मग तसंच चाललं. आई बोलायची, ती माझ्या कानात सांगायची, तिच्या त्या घोगऱ्या आवाजात, एक शब्द गाळत नव्हती. "आई म्हणते, मी माझ्या पोरीला मारलं तेव्हा तुम्ही समोर उभ्या होतात." हो. "आई म्हणते, तुम्ही माझा हात का धरला नाहीत?" मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आई म्हणते, बोला." मी म्हटलं, "हात धरला असता तर खरं सांगावं लागलं असतं." आईने ते जसंच्या तसं ऐकलं.

मग आई मुलीजवळ सरकली. मुलीचा उजवा हात हातात घेऊन ती वाकडी पेरं एकेक करून चाचपत राहिली, जणू आजच बघते आहे. किती तरी वेळ. दोघींपैकी कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. मी निघाले. माझ्यासाठी ठेवलेला पाण्याचा पेला टेबलावर तसाच राहिला.

जिना उतरले तर टिटवी मागून आली आणि माझी पिशवी हातातून घेतली. थांब्यापर्यंत सोबत चालली. बाकावर बसलो. माफ कर, असं मी म्हणणार होते. पण तिने एकदा माझ्याकडे माफी मागितलेली आहे. तोच शब्द तिच्यापुढे काढायची मला लाज वाटली. तिनेही माफीचं नाव काढलं नाही.

बस लांबून दिसायला लागली तेव्हा तिने माझ्या कानाशी तोंड आणून सावकाश विचारलं, "त्या रात्री तुम्हाला झोप लागली का?"

बयो, "नाही" हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. रात्रभर तळमळले, उठून बसले, देवाची करुणा भाकली, असं सगळं आत मांडून ठेवलेलं होतं. कोणालाही पटलं असतं. आठ वर्षांत मलाच पटलं होतं.

मी म्हटलं, "लागली. पाय दुखत होते. पडल्या पडल्या लागली."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने मान डोलावली, एकदाच, आणि माझी पिशवी उचलून बसच्या पायरीवर ठेवली.

तुझी आत्या